दुकानाचं दुकानात

१० फेब्रुवारी १९९८

आज दुपारी सव्वाचारला सगळं बदललं! वेळ नक्की ठाऊक आहे. बीडच्या त्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये ती बरोब्बर घड्याळाखाली बसली होती. आपण तिच्याकडं बघतोय हे कुणाला कळू नये म्हणून मी अर्धा तास घड्याळच बघत होतो.

गेलतो कशाला आणि झालं काय! अप्पांनी पाठवलं होतं — दुकानाचा हिशोब कॉम्प्युटरवर घ्यायचा तर कसा, पैसे किती, विचारून ये. गेवराईत आमच्या समोरच्या बंकटशेठनं गेल्या महिन्यापासून गिऱ्हाइकाला छापील खातं दाखवायला सुरुवात केलीय. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद. तो बघितल्यापासून अप्पांचं जेवणात लक्ष नाही. दिवाळीला आपण काचेचं दार बसवलं, पाटीवरचं 'क्लॉथ स्टोअर्स' खोडून 'शोरूम' केलं, आणि पुढं कोण गेला — बंकट! त्यात दाराची स्प्रिंग महिन्याभरात गेली. आपोआप मिटायचं ते आता मिटत नाही. दिवसभर अप्पा गादीवरून ओरडतात, "दार लावा हो, कापडावर धूळ बसती!"

सेंटरमध्ये चपला बाहेर काढायच्या. आत थंडगार. तिची बोटं चालत होती आणि डोळे शेजारच्या कागदावर. एकदाही खाली बघितलं नाही! मी विचारलं, रेट काय? म्हणाली, "सर जेवायला गेलेत. बसा." झालं. एवढंच. आतून कुणीतरी हाक मारली तेव्हा नाव कळलं. बबिता.

उठताना तिनं विचारलं, "तुमी काय करता?"

मी म्हणालो, "बी.कॉम. सेकंड इयर."

खोटं. ऑक्टोबरात परीक्षेच्या फॉर्मवरून क्लार्कच्या कानाखाली वाजवली, फॉर्म त्याच्याच टेबलावर फाडला आणि कॉलेज सोडून आलो. तेव्हा वाटलं, काय मर्दानी काम केलं! आता दुकानात साड्यांच्या घड्या घालतो.

११ फेब्रुवारी

निळ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. आई म्हणाली, कुणाचं लग्न हाय? तोंड लपवून बाहेर पडलो.

१६ फेब्रुवारी

दुकानात सॉफ्टवेअरवाला आला. रामहरी नाव. बीडमध्ये कॉम्प्युटर विकतो. पाच फ्लॉप्यांचा डबा गादीवर ठेवला. "अप्पा, ह्या पाच चकत्या तुमच्या मशिनीत घालायच्या, की संपलं. मशीन तुमचं, हिशोब तुमचा, किल्ली तुमच्या कमरेला. दुकानाचं दुकानात!"

पण मशीन, प्रिंटर, बॅटरी धरून चौपन्न हजार. सेंटरचं महिन्याला सहाशेच. रोजच्या चिठ्ठ्या त्यांना पोचवायच्या, ते त्यांच्या मशिनीत भरणार, दुसऱ्या दिवशी छापील कागद परत देणार. हिशोब सगळा त्यांच्याकडंच राहणार. सेंटरचे सर तर म्हणतात, थोड्या वर्षांत चिठ्ठ्याही नकोत, फोनच्या तारेतून सगळं जाईल, तुम्ही काशीत बसून गेवराईचा गल्ला बघाल.

हे ऐकून त्रिंबकमामा हसले. "गल्लाच बघायचा तर काशीला जावं कावून?"

मामा आमचे मुनीम. नात्यातले नाहीत. एकतीस वर्षं दुकानात. मी रांगत होतो तेव्हा मला मांजरपाटाच्या ताग्यावर झोपवणारा माणूस. त्यांचं मत — घरचं मशीन घ्या. "आपली पेटी दुसऱ्याच्या घरात ठेवायची आन रोज बघायला जायचं? मला न्हाई पटत, अप्पा."

आणि मी काय बोललो! लाईट दिवसातून सहा तास नसते. उंदरं वायरी खातील. धुळीनं मशीन बसेल. फ्लॉपी खराब झाली की वर्षाचा हिशोब गेला. सेंटरला जनरेटर आहे, एसी आहे. पटापटा बोलत होतो. बोललो ते सगळं खरं होतं. फक्त मी त्यासाठी बोलत नव्हतो.

अप्पांनी कानामागची लाल पेन्सिल काढली. जो आकडा बघितला त्याच्यापुढं बारीक लाल टिंब मारायचं ही त्यांची जन्माची सवय. रेटच्या कागदावर टिंबं मारत मारत शेवटी म्हणाले, "सहाशेवालं बघू. पण नुसती विक्री जाईल. खरेदीची किंमत न्हाई. खूण दुकानाच्या बाहेर जायची न्हाई."

रोज चिठ्ठ्या कोण नेणार?

"मी जातो की," मी म्हणालो.

मामांनी माझ्या शर्टाच्या इस्त्रीकडं बघितलं.

१७ फेब्रुवारी

खुणेबद्दल इथं लिहावं की नको, असं होतंय. शब्द लिहिणार नाही. नुसती गोष्ट लिहितो.

आमच्या प्रत्येक साडीच्या काठाला एक बारीक चिठ्ठी असते. तिच्यावर मामांच्या तिरप्या हातानं तीन-चार अक्षरं. गिऱ्हाइकाला वाटतं, कंपनीचं काहीतरी असेल. ती खरेदीची किंमत. आजोबांनी दहा अक्षरं ठरवली, दहा अक्षरांना दहा आकडे. चिठ्ठीकडं नुसतं बघितलं की अप्पांना कळतं, घासाघीस कुठपर्यंत सोसायची. जगात तिघांना ठाऊक — अप्पा, मामा, आणि मागच्या दिवाळीपासून मी. कॉलेज सोडून आलो म्हणून अप्पा दहा दिवस बोलले नव्हते; मग पूजेच्या वेळी जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. "ध्यानात ठेव. हे कागदावर उतरलं की मेलं."

इंग्रजी पुस्तकं पाठ होत नव्हती. हे एका झटक्यात झालं.

२६ फेब्रुवारी

काल महाशिवरात्रीचा उपास होता तरी बीडला गेलतो. कागदं आणायची आहेत म्हणालो. कागदं नव्हतीच, काम एप्रिलपासून आहे. तिला राजगिऱ्याचे लाडू दिले. तिनं घेतले! तिच्या वडलांची मेंढरं आहेत, आष्टीकडं. वर्षातले आठ महिने कळपामागं फिरतात. ती चुलतीकडं राहून शिकली. म्हणाली, "आमच्यात मेंढराच्या कानाला खूण असती. लांबून दिसलं तरी कळतं कुणाचं हाय."

मी म्हणालो, "आमच्यात साडीला असती."

हसली! खरंच हसली.

मग हळूच म्हणाली, "एक सांगू? सरांना सांगू नका. तुमच्या दुकानाला घरचं मशीनच बरं. इथं अकरा दुकानांचं एकाच डब्यात हाय. कागद ह्याचा त्याला, त्याचा ह्याला होतो कधी कधी. तुमच्या समोरचे बंकटशेठ पण इथंच."

म्हणजे मी रोज येऊ नये? हाच अर्थ ना? लाडवाचा कागद चुरगाळून फेकला आणि उठून आलो. तडक स्टँडवर. मागं वळून बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर कळलं, चपला सेंटरबाहेरच राहिल्या. अनवाणी परत गेलो. ती दारात चपला हातात घेऊन उभी होती. माझ्या चपला! हातात! मेल्यासारखं झालं.

३ एप्रिल

कालपासून चिठ्ठ्या जायला लागल्या. आज बबिता म्हणाली, खरेदीची किंमत नाही टाकली तर मशीन नफ्यापुढं शून्य दाखवतं. सगळा रकाना शून्य. "अर्धवटच हिशोब हा. मला असलं काम देऊ वाटत न्हाई."

विकलेल्या साड्यांच्या काठाच्या चिठ्ठ्या खिशात होत्या; मी त्यांच्यावरची अक्षरं दाखवली. "हीच खरेदी हाय."

"मला काय कळणार ह्यातलं? मशिनीला आकडे लागतात."

मग मी सांगितलं. सांगितलं! खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि एक-एक अक्षर फोडून दिलं. अडीच तास. तिचा कोपर दोनदा लागला. तिला चौथं आणि सातवं अक्षर लक्षात राहीना, म्हणून पांढऱ्या पुठ्ठ्यावर छान अक्षरात दहाही लिहून दिली. वर कोपऱ्यात 'बबितासाठी', खाली 'विसरू नये म्हणून — संगमेश', सहीला खाली ओढलेला फाटा. तिनं ड्रॉवरमध्ये ठेवला. "असला खजिना आत कावून?" म्हणून मीच बाहेर काढला, आणि स्क्रीनच्या वर भिंतीला चिकटवला. रोज वर बघेल तेव्हा माझी सही दिसेल!

"तुमच्या अप्पांना विचारलं का?" तिनं दोनदा विचारलं.

दोन्ही वेळा हो म्हणालो.

४ एप्रिल

पहिला छापील कागद आला. अप्पांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, न उघडता सुतळीनं बांधला आणि गादीमागच्या कपाटात ठेवला. "तू बघितलास ना? मग बास." खरेदीचा रकाना त्यात स्वच्छ दिसत होता. पण अप्पा इंग्रजी कागद कधी वाचत नाहीत. वाचलो.

१८ एप्रिल

रोज जातो. रोज निळा शर्ट. आई म्हणते, रंग उडाला.

२ मे

लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

तलवाड्याचा मोठा बस्ता होता आज. दोन्हीकडची मिळून चाळीस माणसं, लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानातून घेणार. दुकान गच्च. मामा साड्या उलगडत होते, मी घड्या घालत होतो, अप्पा गादीवर. नवरीची आत्या साखराबाई, ठसठशीत बाई, एक पैठणीसारखी साडी घेऊन उजेडाला गेली. काठाची चिठ्ठी बोटानं धरली. कनवटीतून एक कागद काढला. एकदा चिठ्ठीकडं, एकदा कागदाकडं.

"कितीला म्हणालात, अप्पा?"

"साडेसातशे. तुमच्यासाठी सातशे."

"चारशे दहाला पडली की तुमाला! वरचे तीनशे कावून? काचेच्या दाराचे?"

दुकान हसलं. अप्पा हसले नाहीत. तोपर्यंत आसाराम — नवरीचा चुलता — दुसरी साडी घेऊन पुढं. "आत्याबाई, हिची वाचा." "तीनशे पाच!" "आन हिची?" बाया-माणसं साड्या घेऊन रांगेत. शाळेत फळा वाचावा तशी साखराबाई वाचत होती, आणि एकही आकडा चुकत नव्हता. कुणीतरी ओरडलं, "आरं, लुंगीची पण वाचा!"

अप्पा उठले. "बाई, हा कागद कुठं मिळाला?"

"समोर बंकटशेठकडं वाटत्यात. म्हणाले, आधी त्यांचं वाचा, मग इकडं या."

बस्ता उठला. चाळीस माणसं रस्ता ओलांडून समोर गेली. दार उघडंच राहिलं. धूळ आत येत होती. अप्पा 'दार लावा' म्हणाले नाहीत.

दारात अजून दहा-पंधरा माणसं थांबलेली. त्यांच्यादेखत अप्पा म्हणाले, "खूण तिघांना ठाऊक. मी. माझं पोरगं. आन तू, त्रिंबक."

मामांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच.

मी घडी घालत होतो. एकच साडी. चारदा घातली.

३ मे

सकाळी मामा आले. कात्री, कापड मोजायचा लोखंडी गज, कोठाराची किल्ली — तिन्ही गादीवर ओळीनं ठेवली. "बघून घ्या, अप्पा." अप्पांनी बघितलं नाही. मामा म्हणाले, "एकतीस वर्षांत एकदा तरी इचारायचं व्हतं. नाव घ्यायच्या आधी." आणि गेले. तलवाड्याला, त्यांच्या गावी. आणि बस्ता तिथलाच होता. म्हणजे त्यांच्याआधी बातमी पोचलेली.

मी कोठारात होतो. मुद्दाम.

४ मे

लिहवत नाही.

६ मे

बबितानंच सांगितलं असणार! दुसरं कोण? रात्रभर हेच डोक्यात. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो, चपला न काढता आत शिरलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो — "कितीला विकलीस बे खूण? बंकटनं काय दिलं तुला?" मुलीला 'बे' म्हणालो. आजवर कधी म्हणालो नव्हतो.

सगळी बोटं थांबली. सर आतून आले.

ती उठली नाही. नुसतं वर बोट केलं. भिंतीवर पांढरा पुठ्ठा. दहा अक्षरं, दहा आकडे. माझ्या हातचं. माझी सही, फाट्यासकट.

"बंकटशेठचा पुतण्या रोज ह्या बाकावर बसायचा कागदाची वाट बघत," ती म्हणाली. "सारखा इकडंच बघायचा. मला वाटायचं, माझ्याकडं बघतोय. म्हणून मी मान वर करत नव्हते. मी दोनदा काढून ठेवला हा पुठ्ठा. तुमीच परत लावला." मग तो भिंतीवरून काढला आणि माझ्या हातात दिला. "अप्पांना विचारलंय म्हणाला होतात."

सर तिला म्हणत होते, गिऱ्हाइकाचं खाजगी भिंतीवर लावतेस? चिठ्ठ्यांवर पोट आहे आपलं, वगैरे. 'मी लावला' एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते. पुठ्ठा शर्टात खुपसून पळत सुटलो.

तो आता ह्याच वहीत आहे. शेवटच्या पानाशी. तिकडं वही उघडत नाही.

७ मे

क्लार्कला मारली ती रागानं. परवा मामांच्या वेळी गप्प बसलो ते कशानं? राग कुठं गेलता तेव्हा?

२० मे

अप्पांनी सेंटर बंद केलं. घरचं मशीन येणार. रामहरीला फोन केला, चौपन्न हजार कबूल. मला गादीजवळ बसवलं. म्हणाले, "मामाचं म्हणणं खरं व्हतं — दुकानाचं दुकानात. पण मामाच खोटा निघाला. आता भरवशाचं माणूस एकच राहिलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग नवी खूण कानात सांगितली. दहा नवी अक्षरं.

कान अजून जळतोय.

सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्या. चार हजारांवर असतील. अप्पा म्हणाले, तू लिही. मामांच्या तिरप्या अक्षरातली एक-एक चिठ्ठी काढतो आणि माझी लावतो.

२८ मे

तलवाड्याला गेलतो. घरी सांगितलं, मित्राकडं.

बाजार होता. लिंबाखाली चादर अंथरून मामा परकराचं कापड आणि ब्लाउजपीस घेऊन बसलेले. जवळ नवा गज. एक पोरगेलासा गडी जाता जाता म्हणाला, "मुनीमजी, ह्याची खूण सांगा की! का ती पण विकली?" शेजारचा कांदेवाला हसला. मामांनी मान वर केली नाही. फडकं झटकलं.

मी चादरीपुढं उकिडवा बसलो. "मामा, मी फोडली खूण. सेंटरवर. एका पोरीसाठी."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"निळा शर्ट रोज कोण घालतं चिठ्ठ्या पोचवायला?" एक बाई आली. तिला पाऊण मीटर फाडून दिलं, मग परत माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे. लहान होतास. नाही म्हणाले.

"सव्वीस दिवसांनी आलास. इथं कावून आलास? मला सांगून तुजं पोट हलकं व्हईल. माजं नाव तिकडं पडलंय, गेवराईत, गादीपुढं. तिथून उचलून आण. मंग ये."

"मामा, अप्पा मला —"

"ऊठ. गिऱ्हाईक यायचंय."

उठलो. पाया पडायला वाकलो तर पाय मांडीखाली ओढून घेतले.

२ जून

आज सांगणार होतो. अप्पांना पित्त झालं. नाही सांगितलं.

५ जून

आज सांगणार होतो. आईचा सोमवार — नाही, आज शुक्रवार आहे. कारणंही धड सुचत नाहीत आता.

९ जून

मशीन आलं. बरोबर रामहरीचा माणूस येणार होता. आली बबिता!

त्या दिवसानंतर सेंटरनं तिला काढलं. रामहरीनं कामावर घेतली. मला हे आजच कळलं, तेही ती अप्पांना सांगत होती म्हणून. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मशीन गादीशेजारच्या टेबलावर मांडलं, पाच फ्लॉप्या एकामागून एक घातल्या. मग म्हणाली, शिलकी माल चढवायला जुने छापील कागद लागतील.

अप्पा म्हणाले, "राहू दे. नव्यानं मोजू."

"दोन महिने लागतील हो, अप्पा. कागदं हायेत की कपाटात." आणि तिनं कपाट उघडलं, सुतळी सोडली, पहिला गठ्ठा मांडीवर घेतला. थांबली. "हे तर तपासलेलं हाय."

मी वाकून बघितलं. खरेदीच्या रकान्यात, प्रत्येक आकड्यापुढं, बारीक लाल टिंब. पहिल्याच कागदावर. चार एप्रिलच्या. पुढच्याही. त्याच्याही पुढच्या. सगळ्या गठ्ठ्यात.

अप्पांचा हात कानामागं गेला. पेन्सिल तिथंच होती.

"पोरी, समोर टपरीवर चहा सांगून ये," ते म्हणाले. ती गेली.

"अप्पा, तुमी हे कधी बघितलं?"

"आलं त्याच रात्री."

"म्हणजे मी —"

"वाट बघितली. आज सांगशील, उद्या सांगशील. म्हणलं पोरगं लहान हाय, येईल."

"आणि मामा?"

अप्पांनी सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "लोकं दारात व्हती. एक नाव द्यावं लागत व्हतं. मुनीम दुसरा मिळतो. तुजं दिलं असतं तर उद्या ह्या गादीवर तुला कोण इचारलं असतं?" आवाज खाली आणला. "त्रिंबकला पैसे पोचते करीन मी. तू मधी पडू नको. दुकानाचं दुकानात राहू दे."

चहा आला. अप्पांनी बशीत ओतून प्यायला. हात जरासुद्धा हलला नाही. माझा हात त्यांच्यासारखाच आहे, सगळे म्हणतात.

१० जून

तलवाड्याची गाडी अजून लागली नाही. स्टँडवर बसून लिहितोय.

आज आमचा बाजार. दुकान भरलेलं, तलवाड्याचीही माणसं. गादीपुढं उभा राहून मोठ्यानं म्हणालो, खूण मी फोडली, मामांनी न्हाई. सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पा हसले. म्हणाले, "मामाचा लळा लई हाय पोराला. दुसऱ्याचं पाप अंगावर घेतंय." आणि लोकांना ते पटलं! एक म्हातारी मला 'गुणाचं लेकरू' म्हणाली.

मग वही काढली. शेवटच्या पानाशी गेलो. पुठ्ठ्याचा वरचा कोपरा, तिच्या नावाचा, फाडून गिळला — खरंच गिळला. बाकीचा, दहा अक्षरं, दहा आकडे आणि माझी फाट्याची सही, काचेच्या दाराला बाहेरून, अक्षरं आतल्या बाजूला करून, चिकटवला. वाचता येणारे उठून काचेशी आले. अप्पा गादीवरून म्हणाले, "संगू, आत ये."

मी बाहेर होतो. दार लावून घेतलं.